विमानाच्या गळ्यात मफलर

मुलांनो, मफलर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? पौषातली कडाक्याची थंडी, पहाटे रानात पाणी धरायला निघालेले आजोबा आणि त्यांनी कानांभोवती गुंडाळलेला लोकरीचा मफलर. होय ना? पण इंजिनालाही मफलर असतो, बरं का! आपण गाडीच्या ज्या भागाला सायलेन्सर म्हणतो, तोच इंजिनाचा मफलर. आजोबांचा मफलर थंडीला आत येऊ देत नाही. इंजिनाचा मफलर आवाजाला बाहेर पडू देत नाही. निदान सगळाच्या सगळा तरी नाही!

आज मी तुम्हाला अशाच एका चिमुकल्या मफलरची गोष्ट सांगणार आहे. तो एका खेळण्यातल्या विमानाचा होता. पण खेळण्यातलं म्हणून त्याला हसू नका. त्यानं आमच्या अख्ख्या वर्गाला कामाला लावलं होतं.

बाबा झोपलेत!

मी सणसवाडीच्या शाळेत शिकवते. नगर रस्त्यानं पुण्याहून निघालात, की कोरेगाव भीमा ओलांडल्यावर आणि शिक्रापूर यायच्या आधी आमचं गाव लागतं. एकेकाळी हे ज्वारी-बाजरीचं गाव होतं. आता आजूबाजूला कारखानेच कारखाने आहेत. माझ्या वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांचे आईबाबा कुठून कुठून कामासाठी आलेले. कुणी बीडचे, कुणी यवतमाळचे, कुणी थेट बिहारचे.

आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी आता डिप्लोमा करतो. त्याला विमानांच्या प्रतिकृती बनवायचा भारी नाद. मुलं त्याला ‘विमानदादा’ म्हणतात. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तो मैदानावर विमान घेऊन आला. हलक्या बाल्सा लाकडाचं, लाल पंखांचं, हातभर लांब. त्याला दोन बारीक पोलादी तारा जोडलेल्या होत्या आणि तारांच्या दुसऱ्या टोकाची मूठ दादाच्या हातात. दादा मधोमध उभा राहून गोल फिरणार आणि विमान त्याच्याभोवती गिरक्या घेणार. एनसीसीच्या हवाई शाखेत मुलामुलींना एरोमॉडेलिंग शिकवतात, तिथंही अशी तारेवरची विमानं उडवतात.

दादानं पंखा फिरवला आणि काय सांगू! टर्रर्रर्र करून असा काही आवाज झाला की लिंबावरचे सगळे पक्षी उडाले. पहिलीची दोन पोरं रडायला लागली. बाकीची मात्र टाळ्या पिटत होती. विमान तीन-चार गिरक्या घेऊन उतरलं, तेवढ्यात माझी ओढणी कुणीतरी ओढली. चौथीतली एक मुलगी होती.

“बाई, आता पुरे करायला सांगा ना त्यांना. माझे बाबा झोपलेत.”

दुपारचे बारा वाजले होते. मी म्हटलं, “अगं, आता? भरदुपारी?”

“रात्रपाळी आहे त्यांची. सकाळीच आलेत.”

मैदानाच्या कुंपणापलीकडे पत्र्याच्या खोल्यांची चाळ आहे. तिथं अशी किती माणसं दिवसा झोपत असतील, हे इतकी वर्षं तिथंच शिकवून माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. कायद्यानं दिवस सकाळी ६ ते रात्री १० असा धरला आहे आणि रात्री आवाजाची मर्यादा जास्त कडक असते. पण आमच्या गावात कुणाची रात्र दुपारी बारालाच असते!

दादानं सगळं ऐकलं. तो म्हणाला, “बाई, विमान बंद करतो. पण मला पंधरा दिवस द्या. आवाज कमी करता येतो का बघतो.” मी म्हटलं, “बघ. पण एकटा नको, मुलांनाही बरोबर घे.”

एवढ्याशा इंजिनाचा एवढा आवाज?

पुढच्या शनिवारी दादानं इंजिन टेबलावर मांडलं. बंद, थंड आणि रिकाम्या टाकीचं. मुलं भोवती गोळा झाली.

हे इंजिन मुठीत मावतं. त्याचं माप साडेसहा घनसेंटिमीटर, म्हणजे ११० सीसीच्या स्कूटरच्या जेमतेम सतराव्या हिश्शाएवढं. त्यात पेट्रोल चालत नाही. त्याचं इंधन म्हणजे मिथेनॉल. त्यात थोडं नायट्रोमिथेन आणि वंगणासाठी तेल. हे तेल पुष्कळदा आपलं एरंडेलच असतं! म्हणून अशा विमानाच्या धुराला एक वेगळाच गोडसर वास येतो.

हे इंजिन टू-स्ट्रोक असतं. म्हणजे पंख्याच्या प्रत्येक फेऱ्याला आत एकदा जळण पेटतं आणि एकदा गरम वायू बाहेर फेकला जातो. आता गणित करा. दादाचा पंखा मिनिटाला १२,००० फेरे घेत होता. मग सेकंदाला किती? १२,००० भागिले ६०, म्हणजे २००! सेकंदाला दोनशे वेळा कोंडलेला वायू झटक्यानं बाहेर पडतो. फुगा फुटताना काय होतं? कोंडलेली हवा एकदम सुटते आणि ‘फट्’ होतं. इथं सेकंदाला दोनशे फुगे फुटतात असं समजा. ते ‘फट्-फट्’ वेगवेगळे ऐकू येत नाहीत, सगळे मिळून ‘टर्रर्र’ होतं.

यावर उपाय काय? वायूला एकदम बाहेर सोडायचं नाही. आधी एका मोठ्या खोलीत न्यायचं, तिथं पसरू द्यायचं, मग हळूच दारानं बाहेर काढायचं. शाळा सुटल्यावर सगळी पोरं एकदम दारावर आदळली तर केवढा गलका होतो! तीच आधी व्हरांड्यात जमली आणि रांगेनं निघाली, तर? मफलर म्हणजे इंजिनाचा व्हरांडा. त्यात आडव्या पडद्या असल्या तर आवाजाच्या लाटा त्यांच्यावर आपटून मागं फिरतात, एकमेकींत मिसळतात आणि बऱ्याचशा तिथंच विरतात.

“मग तुझ्या विमानाला व्हरांडा नव्हता का?” मी विचारलं.

दादा जरा लाजला. “होता, बाई. पण आतली पडदी मीच काढून टाकली होती. जोर वाढावा म्हणून.”

पिपाणी आणि बरणी

हे सगळं तुम्हाला घरी करून बघता येईल. इंजिन नको, जत्रेतली साधी पिपाणी पुरे.

प्लास्टिकची एक रिकामी बरणी घ्या. तिच्या झाकणाला पिपाणीचं तोंड बसेल एवढं भोक मोठ्या माणसांकडून पाडून घ्या. पिपाणी बसवा आणि फटी भिजवलेल्या कणकेनं बुजवा. बरणीच्या बुडाला रुपयाच्या नाण्याएवढं दुसरं भोक हवं. आता आधी नुसती दुसरी पिपाणी वाजवा, मग बरणीतली. फरक कळला? आता बरणीत सैलसर सुती कापड कोंबा आणि पुन्हा वाजवा. आवाजातला कर्कशपणा आणखी कमी होईल.

आता खरी गंमत! बुडाच्या भोकावर बोट ठेवून ते हळूहळू लहान करत जा. आवाज दबत जाईल, पण फुंकायला जोरही जास्त लागेल. गाल दुखायला लागतील. आणि भोक पूर्ण बंद केलंत तर? पिपाणी गप्प! हवेला जायला वाटच नाही, तर ती वाजणार कशी?

हे लक्षात ठेवा. दादा नेमका इथंच फसला.

पहिला प्रयत्न: विमान गप्प!

दादानं काढलेली पडदी परत बसवली. पण मग त्याला वाटलं, आवाज बाहेर पडतो त्या भोकातूनच ना? मग भोकच बारीक करू. त्यानं मफलरच्या शेवटच्या नळीत दुसरी बारीक नळी ठोकून बसवली. चाळीपासून लांब, ओढ्याकडच्या मोकळ्या रानात आम्ही सगळे जमलो.

इंजिन सुरू झालं. आवाज खरोखरच कमी! मुलं ओरडली, “जमलं!” विमान उठलं, दोन गिरक्या झाल्या, तिसरीला सूर उतरला, चौथीला इंजिन बंद. दादानं कसंबसं विमान ढेकळांत उतरवलं. पंखा मोडला. मफलर इतका तापला होता की त्यावर पडलेलं पाण्याचं थेंब चर्र झालं.

असं का झालं? इंजिनालाही श्वास सोडावा लागतो. जुना जळलेला वायू पूर्ण बाहेर गेला नाही, तर ताज्या हवेला आणि इंधनाला आत जागा मिळत नाही. फेरे कमी होतात, उष्णता साठते आणि शेवटी इंजिन दमून थांबतं. नाकाला चिमटा लावून पळून बघा, म्हणजे कळेल!

बापलेकांची गोष्ट

त्या दिवशी मुलांचे चेहरे पडले, तेव्हा मी त्यांना एका बापलेकाची गोष्ट सांगितली. तुम्हीही ऐका.

हायरम मॅक्झिम नावाचे एक संशोधक होते. जन्म अमेरिकेतला, पुढे राहिले इंग्लंडमध्ये. त्यांनी मशीनगन बनवली. त्यांना विमानाचंही वेड होतं. १८९४ साली त्यांनी वाफेच्या इंजिनांवर चालणारं, सुमारे साडेतीन टन वजनाचं एक अवाढव्य उडतं यंत्र बांधलं. रुळांवरून धावताना ते क्षणभर उचललंही गेलं आणि रूळ सोडून मोडून पडलं. राइट बंधूंचं विमान उडालं ते त्यानंतर नऊ वर्षांनी, १९०३ मध्ये. मॅक्झिमना बंदुकांच्या आवाजाची मात्र फार मोठी किंमत द्यावी लागली. म्हातारपणी त्यांना जवळजवळ ऐकूच येईनासं झालं.

त्यांच्या मुलाचं नाव हायरम पर्सी मॅक्झिम. वडिलांनी आवाज करणारं यंत्र बनवलं, मुलानं आवाज गिळणारं! १९०९ साली त्याला बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट मिळालं. पुढे त्याच्या कंपनीनं इंजिनांसाठीही सायलेन्सर बनवले. त्याचं तत्त्व काय होतं? वायूची वाट बंद करायची नाही, ती वळणावळणाची करायची. म्हणजे तो पोहोचेपर्यंत त्याचा आवेश ओसरतो.

“म्हणजे भोक बारीक करायचं नाही, वाट लांब करायची!” चौथीतली तीच मुलगी म्हणाली. दादानं तिच्याकडे बघितलं आणि वहीत चित्र काढायला घेतलं.

दुसरा प्रयत्न

या वेळी दादानं चार गोष्टी केल्या.

पहिली: मफलरच्या मागं ॲल्युमिनियमची आणखी एक पोकळ डबी जोडली. एका व्हरांड्यानंतर दुसरा व्हरांडा. बाहेर पडायचं भोक मात्र पूर्वीइतकंच ठेवलं.

दुसरी: मफलर आणि इंजिन यांच्या सांध्यात उष्णता सोसणारं सिलिकॉन लावलं. सांध्याच्या फटीतून वायू निसटला, तर कितीही चांगला मफलर फुकट.

तिसरी: पंखा बदलला. तुम्ही म्हणाल, पंख्याचा काय संबंध? पुष्कळ! पंखा स्वतःही हवेला फटके मारतो. आधीचा पंखा १० इंची, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत २५.४ सेंटिमीटर. एका फेऱ्यात त्याचं टोक सुमारे ८० सेंटिमीटर अंतर कापतं. सेकंदाला २०० फेरे म्हणजे १६० मीटर! ताशी जवळजवळ ५७५ किलोमीटर! दादानं ११ इंची पण कमी पिळाचा पंखा लावला. मोठा पंखा फिरवताना इंजिनाचे फेरे मिनिटाला १०,००० च्या आसपास आले. टोकाचा वेगही सेकंदाला सुमारे १४६ मीटरवर उतरला. टोक सावकाश, तर आवाज कमी. शिवाय सेकंदाला दोनशे ‘फट्’ ऐवजी एकशे सदुसष्टच.

चौथी: इंजिनाखाली रबराच्या चकत्या घातल्या. नाहीतर इंजिनाची थरथर लाकडात उतरते आणि पोकळ विमान ढोलकीसारखं घुमतं.

मफलरमधून एक बारीक नळी इंधनाच्या टाकीत जाते. तिच्या दाबानं इंधन पुढं ढकललं जातं. मफलर बदलला की हा दाबही बदलतो, म्हणून इंधनाची सुई पुन्हा नीट लावावी लागली. आणि डबीचं वजन वाढलं, म्हणून विमानाचा तोलही पुन्हा बघावा लागला. एक गोष्ट बदलली की चार गोष्टी तपासाव्या लागतात, हे त्या दिवशी सगळ्यांना पक्कं कळलं.

अंतराचं गणित

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केलं, की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो.

ब्रिटनमध्ये १९८२ साली अशा विमानांसाठी एक आचारसंहिता झाली. विमानापासून ७ मीटरवर ८२ डेसिबलपेक्षा जास्त आवाज नको, असं तीत म्हटलं होतं. मग १४ मीटरवर किती? ७६. २८ मीटरवर ७०. ५६ ला ६४, ११२ ला ५८ आणि २२४ मीटरवर ५२. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार राहत्या वस्तीत दिवसा सरासरी ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. म्हणजे चांगला मफलर लावलेलं विमानसुद्धा वस्तीपासून दोनशे-सव्वादोनशे मीटर दूरच बरं! वारा, भिंती, झाडं यांनी हे आकडे थोडे बदलतात, पण अंदाज पक्का येतो.

आम्ही आकड्यांवरच थांबलो नाही. चाचणीच्या दिवशी ती चौथीतली मुलगी तिच्या खोलीच्या दारात पाढ्यांचं पुस्तक घेऊन बसली. तिनं हळू आवाजात सतराचा पाढा म्हणायचा आणि आतून तिच्या बाबांनी ऐकायचा. मैदानावर विमान उडालं. पाढा ऐकू आला, पण विमानही ऐकू येत होतं. बाबा म्हणाले, “बरंच कमी झालंय. पण झोपेत असतो तर जागा झालो असतो.”

दादाचा चेहरा उतरला. बाबाच पुढे म्हणाले, “आमच्या कारखान्यातही असंच असतं. आधी मशीनचा आवाज कमी करायचा. उरला तर मशीन लांब ठेवायचं. तरी उरला तर वेळ ठरवायची. कानाला झाकण लावणं सगळ्यात शेवटी.”

मग तसंच ठरलं. विमान ओढ्यापलीकडच्या पडीक रानात न्यायचं, आणि तेही संध्याकाळी पाच वाजता, रात्रपाळीची माणसं उठल्यावर. एकट्या मफलरनं प्रश्न सुटला नाही. मफलर, पंखा, अंतर आणि वेळ, चौघांनी मिळून तो सोडवला.

आई-बाबांसाठी चार शब्द

हे इंजिन खेळण्यातलं दिसलं तरी खेळणं नाही. फिरत्या पंख्यानं बोट तुटू शकतं. मिथेनॉल विषारी असतं आणि त्याची ज्योत उन्हात दिसतसुद्धा नाही. मफलर चटका देतो. तारेवरचं विमान विजेच्या तारांच्या आसपास कधीही उडवू नये. पोलादी तार विजेला लागली तर जीव जातो. रेडिओवर चालणारं विमान असेल, तर आधी सरकारचा हवाई नकाशा बघा. लोहगावचा विमानतळ आपल्यापासून फार दूर नाही. म्हणून जाणत्या माणसाशिवाय हा उद्योग नकोच. आता विजेच्या मोटरीवरची विमानंही मिळतात. ती पुष्कळ शांत असतात, पण पंख्याचा आवाज आणि धोका त्यांनाही असतोच.

आणि एक सांगू? नगर रस्त्यावर मोटारसायकलचा सायलेन्सर बदलून फटाक्यासारखे आवाज काढत जाणारे दादालोक तुम्ही पाहिले असतील. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्पष्ट म्हटलं आहे, की प्रत्येक वाहनाला, अगदी ट्रॅक्टरलासुद्धा, आवाज कमी करणारा सायलेन्सर हवाच. आपल्या मुलांना मोठा आवाज म्हणजे मोठी ताकद असं वाटू देऊ नका. आमच्या विमानाचा आवाज कमी झाला, तरी ते पूर्वीइतक्याच गिरक्या घेतं.

आता शनिवारी संध्याकाळी ओढ्यापलीकडे गर्दी असते. त्या मुलीचे बाबा चहा घेऊन येतात आणि विमान हातात धरून सोडण्याचा मान त्यांचा असतो. मग आठला डबा घेऊन ते रात्रपाळीला जातात.

मुलांनो, तुम्हीही एक काम करा. तुमच्या खेळायच्या मैदानाभोवती एक चक्कर मारा. कुणाच्या घरी तान्हं बाळ आहे, कुणी आजारी आहे, कोण रात्रपाळी करून दिवसा झोपतं, ते विचारून या. खेळ बंद करू नका हं! फक्त त्याला एखादा मफलर गुंडाळता येतो का, ते बघा. आणि पिपाणीच्या प्रयोगात काय झालं, तेही नक्की कळवा.